चालू मशीनची पूजा

प्रणिताने कोऱ्या कागदावर तीन उभे खाने आखले आणि कागद फिरवून जिनिंगच्या मालकांसमोर, बाबारावांसमोर सरकवला. बाबारावांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाचल्यासारखं केलं आणि पुन्हा वर चढवला. न कळणाऱ्या गोष्टी ते अशाच वाचत. कळणाऱ्या गोष्टींसाठी त्यांना चष्मा लागत नसे.

"सांग तूच," ते म्हणाले.

"काका, वजनकाट्याचा सर्व्हर ज्याच्यावर चालते, ती ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. तिची दुरुस्ती येनं बंद झालं. नवी मशीन तं तुमी आणली, आता तिच्यावर काय टाकाचं ते ठरवा. एक, विंडोज. दोन, सुरेंद्र म्हणते ती, दर सहा महिन्याले नवी निघते. तीन, डेबियन."

"डेबियन? हे तं बियाण्याच्या पुडीवरचं नाव वाटते."

सुरेंद्र हसला. तो बाबारावांचा भाचा. हैदराबादला तीन वर्षं राहून आला होता आणि पदवी सोडून बाकी सगळं, म्हणजे मुख्यतः मतं, घेऊन आला होता.

"मामा, ते म्हाताऱ्यांचं हाय. दोन दोन वर्षं हालत नाई."

"म्हणूनच पायजे," प्रणिता म्हणाली. "हंगामात हालाले नाई पायजे."

बाबारावांनी मान डोलावली, पण भाच्याच्या बाजूने. "जुनं बी पेरते काय कोणी? दर साली नवी पुडी फोडा लागते, तवा कापूस होते."

"हे बियाणं नोय, काका. विहिरीचं बांधकाम हाय. विहीर दर साली नवी खंदता काय?"

बाबारावांना हे आवडलं. आवडलेलं लगेच मान्य करायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम होता. त्यांनी चहा मागवला.

ऑफिसच्या फरशीवर डोमाजी लिंबं मोजत बसला होता. उद्या खंडेनवमी. जिनिंगमधली, कापसातून सरकी काढणारी प्रत्येक मशीन बंद करायची, धुवायची, तिला हार घालायचा आणि पुढ्यात एक लिंबू ठेवायचं. दिवसभर एकही चाक फिरवायचं नाही. बाबारावांच्या वडिलांपासूनचा हा रिवाज. मशिनी अठ्ठावीस, आणि चार वर्षांपासून मागच्या खोलीतला सर्व्हर धरून एकोणतीस. डोमाजी पूर्वी फिटर होता. गेल्या पौषात मशीनच्या पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून त्याच्याकडे फाटक, चहा आणि लिंबं. तो डाव्या हाताने मोजत होता.

हात आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. जाळीत रुई अडकायची आणि मशीन घडीघडी थांबवावी लागायची, म्हणून त्या हंगामात जाळी काढून ठेवली होती. काढायला कोणी सांगितलं हे जिनिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बाबारावांसमोर विषय निघाला की सगळ्यांना एकदम काम आठवायचं.

"बरं, टाक तुझं डेबियन," चहा संपल्यावर बाबाराव म्हणाले. "उद्या जुनी मशीन बंद करू, पूजा करू. परवा दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी चालू."

प्रणिताच्या हातातलं पेन थांबलं.

"परवा नाई होत. टोकनचा, काट्याचा सगळा प्रोग्राम जुन्या सिस्टीमसाठी लिहिला हाय. लिहिणारा माणूस कवाचाच गेला. तो नवीवर बसवाले मले तीन हप्ते पायजेत. तोवर दोनी मशिनी संगं चालवा लागतीन."

"मंग जुनी परवा पुन्हा चालू करजो. एक दिवसाचा तं सवाल हाय."

"जुनी बंद नाई करता येणार, काका. तिची डिस्क म्हातारी झाली. फिरून राह्यली तवर फिरते. एकदा थांबली तं पुन्हा उठन का नाई, सांगता येत नाई. शेतकऱ्याईची नावं मी दुसरीकडं उतरवून ठेवली हायत, पण तो प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालतच नाई."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी काटा सुरू व्हायचा होता. तेवीसशे शेतकऱ्यांची नावं लागली होती. सर्व्हर नसला तर टोकन नाही, टोकन नाही तर वजन नाही, आणि कापसाच्या गाड्या तलमडुगूच्या रस्त्यावर दोन-दोन दिवस उभ्या. त्यातल्या निम्म्या तामसीकडच्या असणार. प्रणिता तामसीचीच. जिनिंगमधला कॉम्प्युटर कोणाची पोरगी सांभाळते, हे तिथे लहान लेकरालाही ठाऊक होतं.

"काऊन घाबरवते मामाले?" सुरेंद्र खुर्ची मागे टेकवत म्हणाला. "दर खंडेनवमीले बंद करतेच ना? चार साल बंद केली, चार साल उठली. आता यंदाच काय झालं तिले?"

हिशोब बिनचूक होता. प्रणिताने तो स्वतःच चार वर्षं जमवून दिला होता.

पहिल्या वर्षी ती कामावर नवी होती. मशीन थांबवायची भीती वाटली, म्हणून तिने फक्त मॉनिटरचा पडदा बंद केला आणि काळ्या डब्याला हार घातला. सगळी जिनिंग शांत असल्याने आतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. बाबारावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, बॅटरीचा आवाज आहे. पुढच्या तीन वर्षांत तर त्यांनी विचारलंही नाही.

तिने सुरेंद्रकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"काका, ती मशीन मी कवाच बंद केली नाई."

"कवाच म्हणजे?"

"चारी साल. नुसता पडदा बंद करत होती."

सुरेंद्र मोठ्याने हसला. "म्हणजे मामा, तुमी चालू मशीनले हात जोडून राह्यले होते!"

बाबाराव हसले नाहीत. रागावलेही नाहीत, आणि प्रणिताला तेच बरं वाटेना. ते रागावतील म्हणून तिने मन घट्ट केलं होतं. त्यांची नजर फरशीकडे वळली. तिथे डोमाजीचा हात लिंबांवर थांबला होता.

"गेल्या साली बी?" बाबारावांनी हळूच विचारलं.

"गेल्या साली बी."

"डोमा, आयकलं काय?"

"हो, मालक."

"मी म्हणत होतो ना. पूजेत कुठंतरी काईतरी राह्यलं होतं. बापाच्या काळापासून ह्या जिनिंगमधी कोणाच्या नखाले धक्का नाई लागला." बाबारावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत पाठ टेकवली. वर्षभर हा माणूस खुर्चीच्या काठावर बसत आला होता, हे प्रणिताच्या आत्ता ध्यानात आलं.

"काका, तो पट्टा होता. त्याच्यावरची जाळी—"

"पोरी," बाबाराव मायेने म्हणाले, "तुले कोणी काई म्हणून राह्यलं काय? तू नवी होती. झालं ते झालं. तुह्या मनानं घे, डेबियन टाक, तीन हप्ते घे, नाईतं महिना घे. सुरेंद्र मधात बोलणार नाई. पण उद्या ती मशीन बंद. सकाळी नऊले, सगळ्याईसमोर, तुह्या हातानं."

"अन् उठली नाई तं?"

"पूजा खरी झाल्यावर काऊन नाई उठणार?"

तिने डोमाजीकडे पाहिलं. जाळी कोणी काढायला लावली, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं; पाना त्याच्याच हातात होता. एक शब्द तो बोलला असता तर पुरलं असतं.

डोमाजी उठून उभा राहिला होता.

"मालक, म्हणजे माही चूक नोती?"

"नोती रे. तुही काऊन असन?"

"घरची रोज म्हणते, तुमचंच ध्यान नोतं. मले बी तसंच वाटे. रातंदिवस तेच. कुठं पाहून राह्यलो होतो मी, कुठं पाहून राह्यलो होतो." त्याने गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "आज सांगतो तिले."

"सांग. मोकळ्या मनानं सांग."

सुरेंद्रने कागद प्रणिताकडे ढकलला. "कर खूण. तुहंच पास झालं."

तिने तिसऱ्या खान्यावर पेन टेकवलं. जाळीचं वाक्य तिच्या तोंडात अर्धंच राहिलं होतं. ते पुरं करायला आता फक्त बाबारावांना नव्हे, डोमाजीलाही गप्प करावं लागलं असतं, आणि त्याचा चेहरा तर नऊ महिन्यांत पहिल्यांदा उजळला होता. ती खाली मान घालून त्या एका नावाभोवती गोल काढत बसली, पुन्हा पुन्हा.

डोमाजी तिच्याजवळ आला. ढिगातलं सगळ्यात मोठं, डाग नसलेलं लिंबू त्याने टेबलावर, तिच्या कोपराजवळ ठेवलं.

"हे तुमच्या मशीनले, ताई. अन् एवढं मनाले नका लावू," तो म्हणाला. "कारण तं सापडलं."