बटणवर आलेला आळ

माझ्या कुत्र्याने चार वर्षांत कुणाच्याही घरात एक थेंब सांडलेला नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण माझ्या भावाच्या घरी आजही याच्या अगदी उलट बोललं जातं, आणि मला ते समोर बसून ऐकून घ्यावं लागतं.

त्याचं नाव बटण. मी शिवणकाम करते. तो पिल्लू असताना माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला, आणि त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर दुसरं नाव सुचलंच नाही. दोन काळे डोळे, कोटाला लावतात तसे. गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला जाताना मी त्याला बरोबर नेते. लग्नघरात चार-चार दिवस मुक्काम ठोकून कपडे शिवलेत मी, आणि हा मशीनखाली झोपलेला. कुठेही तक्रार नाही.

यंदा आमच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप बदलायला काढले. सहा आठवडे पाणी बंद, संडास बंद, अशी नोटीस लागली. म्हणजे खरी अडचण माझी होती. बटणला काय, त्याला झाड पुरतं. धाकट्या भावाला फोन केला तर तो ये म्हणाला, आणि त्याने लगेच विचारलं, कुत्र्याचं काय करणार? मग अट ऐकवली. घरात एकदा जरी ओलं झालं, तर कुत्रा त्याच्या गोदामाच्या वॉचमनकडे जाणार आणि परत मागायचा नाही. वॉचमनला कुत्रा हवाच होता, फाटकाला साखळीने बांधून ठेवायला. या भावाच्या चड्ड्या मी दिवसातून पाच-पाच वेळा बदलल्या आहेत. ते जिभेवर आलं होतं, पण संडासाची गरज मला होती, म्हणून गिळलं.

दुसऱ्याच्या घरी कुत्रा न्यायचा तर त्याचं वेळापत्रक कडक लागतं. सहा, दहा, दोन, सहा, दहा. पाच वेळा खाली न्यायचं, पाऊस असो की ताप. पहिल्या दिवशी घरात शिरायच्या आधीच त्याला बाहेरची जागा दाखवायची. घरभर मोकळा सोडायचा नाही, आपल्या नजरेत ठेवायचा. काम झालं की तिथल्या तिथे बिस्किटाचा तुकडा. आणि दाराच्या मुठीला एक छोटी घंटी बांधायची. बटणला घाई झाली की तो नाकाने ती वाजवतो. भावाच्या दाराला मी पोचल्या पोचल्या घंटी बांधली. भाऊ म्हणाला, हे काय देऊळ आहे का?

घरात तिघं. भाऊ, भावजय, आणि भावजयीचे वडील. ते चित्रकलेचे मास्तर होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एकटं राहणं जमेना म्हणून ते लेकीकडे आले. माणूस इतका कमी जागा घेणारा की विचारू नका. खुर्चीतही काठावर बसायचे. भाऊ त्यांच्याशी वाईट वागायचा असं नाही, पण जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचा की हातीपायी धड आहेत तोवर हे घर त्यांचंच आहे, मात्र उद्या अंथरुणातलं काढायची वेळ आली तर चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. याला तो स्पष्टवक्तेपणा म्हणतो. मास्तर मान हलवून बरोबर आहे म्हणायचे आणि पाणी प्यायचे नाहीत. ते पाणी पीत नाहीत हे मला दिसलं होतं. का ते माझ्या डोक्यात आलं नाही.

उलट पहिल्याच दिवशी मीही तोंड उघडलं. भावाला बटणची खात्री पटवायची होती ना. मी ऐटीत सांगितलं की चार वर्षं एक थेंब नाही, आणि ज्याला एवढंही वळण नाही त्याने दुसऱ्याच्या घरी राहूच नये. भाऊ हसला. मास्तरांनी चमचा खाली ठेवला. त्यांचं पोट भरलं असेल असं मला वाटलं.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी अंघोळीला गेले होते. बटण माझ्या खोलीत, मी बरोबर आणलेल्या मशीनच्या पायाला बांधलेला. बाहेर आले तर बैठकीच्या खोलीत भाऊ कामाला जायच्या कपड्यांत कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्या नव्या मोतिया रंगाच्या सोफ्यापुढच्या गालिच्यावर ताटाएवढा ओला डाग. भावजय फडकं घेऊन वाकलेली.

"ताई, मी सांगितलं होतं," भाऊ म्हणाला. "रविवारी वॉचमन येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खोलीत जाऊन दोरी दाखवली, गाठ दाखवली. माझी गाठ तशीच्या तशी होती. पट्ट्यातून मान काढली असेल, भाऊ म्हणाला. मान काढून, काम करून, परत पट्ट्यात मान घालून बसला का, मी विचारलं. तो म्हणाला की जनावराचं काय सांगावं, आणि निघून गेला. भावजय खाली मान घालून पुसत राहिली. म्हणाली, "जाऊ दे ना ताई, कुत्राच आहे." मला तिचाही राग आला.

दुपारी भावजय बाजारात गेली आणि मास्तर त्यांच्या खोलीत पडले होते, तेव्हा मी त्या सोफ्याचा ताबा घेतला. तीस वर्षं कापड हाताळलंय मी. पाणी कापडात कुठून शिरलं आणि कुठे गेलं, हे मला बोटाने कळतं. गालिच्यावरचा डाग सोफ्याच्या पुढच्या कडेला लागून होता, आणि कडेच्या कापडावर वरून खाली ओघळ आलेला होता. मी बसायची गादी उचलली. वरची बाजू कोरडी, स्वच्छ. खालची बाजू ओली. शिवणीतल्या दोऱ्याने तर पाणी पार चेनपर्यंत ओढलं होतं. म्हणजे गादी वरून भिजली होती आणि मग कुणीतरी ती उलटी करून ठेवली होती.

कुत्रा काय वाटेल ते करील, गादी उलटी करून ठेवणार नाही.

मला इतका आनंद झाला की मी बटणला दोन बिस्किटं दिली. गादी तशीच माझ्या खोलीत नेऊन ठेवली आणि संध्याकाळची वाट बघत बसले. कोणी केलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. माझ्या कुत्र्याने केलं नाही, एवढ्यावरच माझं डोकं थांबलं होतं. भावाला काय काय ऐकवायचं ते मात्र मी मनात तीनदा म्हणून पाहिलं.

संध्याकाळी भाऊ आला, हातपाय धुऊन बसला. भावजय चहा घेऊन आली. मास्तर आपल्या खुर्चीत, काठावर. मी गादी काखेत मारून बाहेर आले आणि म्हटलं, मला सगळ्यांसमोर काही दाखवायचंय.

मास्तरांनी गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मांडीवरचे हात त्यांनी एकात एक घट्ट धरले. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कपड्यांकडे गेलं. घरात बसून त्यांनी बाहेर जायची इस्त्रीची पँट घातली होती. आणि मागे गॅलरीत, दोरीवर, पीळ तसेच ठेवून वेडावाकडा टाकलेला त्यांचा राखाडी पायजमा. कपडे वाळत घालायची सवय नसलेल्या हातांनी टाकलेला. त्याची कंबर मीच चार दिवसांपूर्वी सैल करून दिली होती.

ज्याला एवढंही वळण नाही त्याने दुसऱ्याच्या घरी राहू नये. बोलले होते मी. ह्या माणसासमोर, ह्याच खोलीत. माझीच मला इतकी लाज वाटली की गादी खाली ठेवायचं भानही राहिलं नाही.

"काय दाखवायचंय?" भावाने विचारलं.

बोलले असते तर बटण सुटला असता आणि मास्तर वृद्धाश्रमात गेले असते. गप्प बसले असते तर बटण फाटकाच्या साखळीला. तो माझ्या पायाशी बसून शेपटी आपटत होता. सगळे जमलेत म्हणून खूश.

"ही गादीही खराब झालीय," मी म्हटलं. "बटणनेच केलं. चूक माझी, सकाळी त्याला नेलं ती वेळ चुकली. अभ्रा मी नवा शिवून देते. पण मला एक संधी दे. माझ्याच्याने पाच वेळा जिने उतरणं होत नाही. मास्तर रोज त्याला नेतील. पुन्हा एकदा जरी ओलं झालं, तर मी स्वतः त्याला वॉचमनकडे पोचवीन."

भावाने मला अर्धा तास शिस्तीवर भाषण दिलं. मी मूग गिळून ऐकलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. मग त्याने मास्तरांना विचारलं, जमेल का? मास्तर म्हणाले, "प्रयत्न करतो."

दुसऱ्या दिवसापासून सहा, दहा, दोन, सहा, दहा. पहिले दोन दिवस मीही बरोबर गेले. कोपऱ्यावर बाग आहे, बागेच्या दाराशी स्वच्छ शौचालय. मी बटणला झाडाकडे वळवलं आणि दुसरीकडे बघत म्हटलं, याला वेळ लागतो, तोवर तुम्ही जाऊन या. मास्तर जरा वेळ उभे राहिले, मग गेले. परत आल्यावर त्यांनी खिशातून बिस्किटाचा तुकडा काढून बटणला दिला आणि म्हणाले, "वेळापत्रक चांगलं आहे तुमचं." त्या दिवशी जेवताना ते दोन भांडी पाणी प्यायले.

उरलेल्या साडेचार आठवड्यांत घरात एक थेंब सांडला नाही. भाऊ येईल त्या पाहुण्याला सांगायचा, हा कुत्रा आला तेव्हा नुसता घाण करायचा, मी सरळ केला. बटणला समोर बसवून सांगायचा. मी मशीनचं पायडल जोरात दाबायचे. एकदा तर त्या रागात अभ्र्याची शिवण पार वाकडी गेली, आणि मी ती उसवली नाही. राहू दे त्याच्या सोफ्यावर तशीच.

निघायच्या दिवशी मी बॅग भरून दाराची घंटी सोडायला गेले. भावजयीने माझा हात धरला.

"ही राहू द्या, ताई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "गादी मी उलटवली होती."

मला असा राग आला की हात सोडवून मी गाठ ओढून सोडलीच. म्हणजे तुला ठाऊक होतं, मी म्हटलं. ठाऊक असून तू माझ्या कुत्र्याला साखळीला पाठवत होतीस.

"हो," ती म्हणाली. "तुमच्या भावाला कळलं असतं तर बाबा गेले असते. आणि कुत्र्याला काय, त्याला थोडीच लाज वाटते."

तिच्या जागी मी असते तर मीही गादी उलटवली असती. पण बटणला लाज वाटत नाही, हे तिला कोणी सांगितलं? भाऊ पाहुण्यांसमोर त्याची कथा सांगायचा तेव्हा तो कान पाडून भिंतीकडे तोंड करून बसायचा, ते मी पाहिलंय. मी घंटीची सुटलेली गाठ परत बांधली, चांगली दुहेरी.

भाऊ मागून आला. घंटी बघून म्हणाला, कुत्रा निघाला, आता ही कशाला? भावजयीने गाठ ओढून पाहिली. त्याने वाकून बटणच्या डोक्यावर थापटी मारली. "आता पुन्हा आणलास तरी चालेल. वळण लागलंय त्याला."

मी जिना उतरून फाटकाशी आले आणि बटण खालीच बसला. ओढला तरी हलेना. दहा वाजले होते. वर घंटी वाजली, आणि मास्तर इस्त्रीची पँट घालून, कठडा धरून, एकेक पायरी उतरत आले.