भिंतीला पाठ

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. दीडशेच्या वर इमारती आमच्याकडे आहेत आणि त्यातली कुठली ना कुठली लिफ्ट रोज अडकते. आतला माणूस लाल बटण दाबतो आणि फोन काकूंकडे लागतो.

काकू म्हणजे आमचा तक्रार विभाग. सगळा विभाग त्या एकट्याच. वय एकोणपन्नास, चष्मा कपाळावर, पुढ्यात तीन फोन आणि एक वही. अडकलेला माणूस आधी घाबरतो, मग चिडतो, मग रडवेला होतो. काकू त्याला या तिन्हीतून हळूहळू पलीकडे नेतात. "दादा, आधी खाली बसा बघू. हवा भरपूर आहे. मिस्त्री निघालेत. घरी कोण कोण असतं?" असं चाललेलं असतं. एका दुपारी तीन लिफ्ट एकदम अडकल्या, तेव्हा काकूंनी तिघांना तीन फोनवर पाऊण तास बोलतं ठेवलं होतं आणि कोणाच्या घरी कोण आहे यात एकदाही घोटाळा केला नव्हता. सुटका झाली की माणूस मिस्त्रींचा हात धरून आभार मानतो. काकूंना त्याने पाहिलेलंच नसतं.

तर आमचे साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना संघभावना घेऊन आले. दर शुक्रवारी तीन ते पाच ऑफिसने मिळून एक ऑनलाइन खेळ खेळायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे नोटीस लागली. खेळात तलवारी, जादू, गुहा, राक्षस. पाच जणांची तुकडी: साहेब, मिस्त्री, सूर्यफूल, काकू आणि स्टोअर सांभाळणारा मी. सूर्यफूल हा आमचा विक्री अधिकारी. साहेब ज्या दिशेला बसतील तिकडे त्याचं तोंड आपोआप वळतं, म्हणून हे नाव. त्याला सोडून सगळ्या ऑफिसला ते माहीत आहे.

साहेबांनी महायोद्धा घेतला. त्याचे खांदे इतके रुंद होते की गुहेच्या तोंडात तो आडवा होऊन शिरायचा. मिस्त्रींनी ढालवाला घेतला, कारण त्याला फार बोलावं लागत नाही. सूर्यफूल जादूगार झाला, मी तिरंदाज.

"मला काय जमणार यातलं?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही हीलर," साहेब म्हणाले. "म्हणजे वैद्य. तुम्हाला तसं काही करायचं नाही. मागे उभं राहायचं, सगळ्यांकडे लक्ष ठेवायचं, आणि कोणाला लागलं की लगेच बरं करायचं."

"आणि फोन?"

"फोनही घ्या ना. तुम्ही बसलेल्याच असता."

खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. मार बसला की ती आखडते, संपली की माणूस मेला. हीलरने मंत्र टाकायचा आणि ती पुन्हा भरायची. पण मंत्रालाही शक्ती लागते आणि ती शक्ती मोजकीच असते. थोडक्यात, हीलरने कोणाला मारायचं नाही आणि मार खाणाऱ्यांना मरू द्यायचं नाही.

पहिल्या शुक्रवारी आम्ही गुहेबाहेर उभे राहून कोणती कळ दाबली की काय होतं हे बघत होतो, तोवर साहेब "चला" म्हणून आत धावले. आत चौदा लांडगे होते. आम्ही पोचलो तेव्हा साहेब पालथे पडले होते आणि एक लांडगा त्यांच्या रुंद खांद्यावर बसला होता.

"हील कुठे आहे?" मेलेले साहेब हेडफोनमधून विचारत होते. "काकू, हील कुठे आहे?"

सोमवारी आढावा बैठक झाली. पडद्यावर लिहिलं होतं: अपयशाचं मूळ कारण, उपचारात दिरंगाई. बैठकीचं इतिवृत्त नेहमी काकूच लिहितात, त्यामुळे ही दिरंगाईही त्यांनीच सुवाच्य अक्षरात वहीत उतरवली.

असे सहा शुक्रवार गेले आणि त्यामागून सहा सोमवार. साहेब कधी कोळ्यांच्या जाळ्यात उडी घेत, कधी उकळत्या डांबरात उभे राहत. एकदा तर ते कड्यावरून नुसतेच खाली पडले. तिथे राक्षस नव्हता की कोणी नव्हतं. सोमवारी सूर्यफूल म्हणाला, "सर पडत असताना हील आलं असतं तर मनोबल टिकलं असतं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्याच शुक्रवारी काकूंनी मला चार वेळा मरता मरता वाचवलं होतं. पण वार्षिक मूल्यमापनाचे दिवस होते. "हो, जरा उशीर झाला खरा," मी म्हणालो. काकूंनी तेही लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी मान वर केली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

काकू वाद घालत नाहीत. त्यांनी काय केलं, तर घरच्या कॉम्प्युटरवर तो खेळ घेतला आणि संध्याकाळी अनोळखी लोकांबरोबर खेळू लागल्या. त्यांचे यजमान नकाशे काढायच्या खात्यात आहेत. ते शेजारी बसून खेळातले रस्ते कागदावर उतरवत आणि "ही नदी उलटी वाहते" अशा हरकती घेत. तिथे काकूंना एक बिबट्या भेटली. खेळातलं नाव खडूस बिबट्या, प्रत्यक्षात कुठल्यातरी दुसऱ्या शहरातली दाताची डॉक्टर. तिने काकूंना हीलरकी शिकवली.

"तू सगळ्यांना वाचवायला बघतेस," बिबट्या म्हणाली. "काही जणांना राक्षस मारतो, त्यांना वाचव. काही जण आपल्या पायांनी मरायला निघालेले असतात, त्यांच्यावर मंत्र फुकट घालवू नकोस. माझ्याकडे रोज येतात असले."

"पण तो साहेब असला तर?"

"साहेब असला तर एकदा सांगून बघ. ऐकलं तर ठीक."

हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तेव्हा फक्त इतकं दिसलं की शुक्रवारी त्या आता गडबडत नव्हत्या. फोन एका कानाला, हेडफोन दुसऱ्या कानाला, आणि पाचही पट्ट्यांवर नजर. मिस्त्रींची पट्टी कधी अर्ध्याच्या खाली गेली नाही. मिस्त्री एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपणहून काही बोलले: "काकू मागे असल्या की बरं वाटतं." साहेब मात्र मरतच होते.

मग शाखांची स्पर्धा आली. मुख्य कार्यालयातून दोन संचालक आले, सभागृहात मोठा पडदा लागला, आम्ही पाच जण ओळीने कॉम्प्युटरपुढे. समोर दलदलीची राणी. ती एका पडक्या दगडी दारात उभी असते आणि जमिनीवर हिरव्या विषाची थारोळी थुंकते. त्या हिरव्यात पाय ठेवायचा नाही, एवढा एकच नियम. पण थारोळं असतं दाराच्या पुढ्यात आणि तलवार सगळ्यात चांगली लागते तिथूनच. जो जास्त मारतो त्याचं नाव पडद्याच्या कोपऱ्यात सगळ्यांच्या वर झळकतं. साहेब सरळ हिरव्यात जाऊन उभे राहिले. नाव वर गेलं, पट्टी खाली आली.

"साहेब, हिरव्यातून बाहेर या," काकू म्हणाल्या.

"तुम्ही हील करा."

काकूंनी एक मंत्र टाकला, दुसरा टाकला. मग मला दिसलं की त्या मिस्त्रींकडे वळल्या आणि साहेबांना त्यांनी सोडून दिलं. साहेबांची पट्टी पाव राहिली. "काकू, हील. काकू," असं चाललं होतं. मागे संचालकांच्या खुर्च्या कुरकुरल्या. आणि नेमका तेव्हाच काकूंनी सभागृहात सोबत आणलेला लाल बटणाचा फोन वाजला.

फोन मधल्या चौकातल्या सहामजली इमारतीतला. ती लिफ्ट महिन्यात तिसऱ्यांदा अडकली होती, कारण तिच्या दाराचा सेन्सर गेला होता. आत एक निवृत्त न्यायाधीश होते आणि ते हाताने दार ओढून उघडायच्या बेतात होते. दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. काकूंचा एक हात माउसवर, दुसरा फोनवर. हेडफोनचा माईक बंद करायला तिसरा हात नव्हता.

"साहेब," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "साहेब, ऐका माझं. दारापासून मागे या. आत्ताच्या आत्ता. दाराला हात लावू नका."

हे बोलणं होतं न्यायाधीशांशी. पण ते आमच्या सगळ्यांच्या कानात ऐकू आलं, आणि आमच्या साहेबांशी त्या सुरात आजवर कोणी बोललं नव्हतं. महायोद्ध्याने तलवार थांबवली. एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं. थारोळ्यातून बाहेर आला.

"अजून मागे. भिंतीला पाठ लावा. लावली? छान. आता काहीही करायचं नाही. तुमची माणसं येतायत, ती बघतील काय ते."

महायोद्धा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खांदे रुंद असल्यामुळे तो भिंतीला अगदी चिकटून बसला. त्याची पट्टी आपोआप भरू लागली. मिस्त्रींनी ढाल पुढे केली, मी बाण सोडत राहिलो, सूर्यफूलही साहेबांकडे बघून भिंतीला टेकला, आणि काकूंचे सगळे मंत्र ज्यांना गरज होती त्यांनाच मिळू लागले.

"घाम पुसा. भीती वाटणारच, त्यात लाज कसली," काकू फोनमध्ये म्हणाल्या.

"हो," आमचे साहेब हळू आवाजात म्हणाले.

चार मिनिटांत राणी कोसळली. तिकडे दुसऱ्या मिस्त्रीने न्यायाधीशांना बाहेर काढलं. सभागृहात टाळ्या झाल्या. मोठे संचालक उठून आले आणि म्हणाले, "नेत्याने मागे सरून संघाला पुढे करायचं, हे फार कमी जणांना सुचतं. कसं सुचलं?"

साहेबांनी एकदा काकूंकडे पाहिलं. काकू वहीत तक्रार नोंदवत होत्या.

"ते आमचं आधीच ठरलं होतं," साहेब म्हणाले.

महिन्याभरात मुख्य कार्यालयाने एक पुस्तिका काढली. 'भिंतीला पाठ: नेतृत्वाची पाच सूत्रं'. वर साहेबांचा हाताची घडी घातलेला फोटो. सूत्रं अशी होती: दारापासून मागे या. दाराला हात लावू नका. भिंतीला पाठ लावा. काहीही करू नका. तुमची माणसं बघतील. प्रत्येक शाखेला शंभर प्रती आल्या. साहेब चौथं सूत्र ऑफिसातही पाळू लागले आणि खरं सांगायचं तर त्या काळात आमची कामं वेळेवर झाली.

मग एका सकाळी न्यायाधीश स्वतः ऑफिसात आले. हातात काठी, अंगात कोट. लिफ्ट चौथ्यांदा अडकली होती. साहेबांनी त्यांना बसवलं आणि त्यांच्या हातात पुस्तिका ठेवली. न्यायाधीशांनी चष्मा लावून सावकाश वाचली.

"ही वाक्यं माझ्या ओळखीची आहेत," ते म्हणाले. "मी लिफ्टमध्ये असताना तुमच्या एका बाईंनी मला फोनवर सांगितली होती. शब्द न् शब्द."

स्वागतकक्षात आम्ही सगळे होतो. मला वाटलं, आता साहेबांचं काही खरं नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "आमची सूत्रं अगदी खालच्या पातळीवरच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोचली आहेत."

"पुस्तिका कधी छापलीत?"

"गेल्या महिन्यात."

"मला त्याच्याही आधी सांगितली होती."

"तेच तर म्हणतोय मी. छापायच्या आधीच पोचली होती."

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. आयुष्यात पुष्कळ साक्षी ऐकलेल्या माणसाचं ते बघणं होतं. मग ते उठले आणि विचारत विचारत तक्रार विभागापर्यंत गेले. मी दारातून बघितलं. त्यांनी काकूंना नमस्कार केला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, घरी कोण असतं. मी म्हणालो होतो, कोणी नसतं. ते खरं नाही. बहीण असते. तेव्हा घाबरलो होतो म्हणून आठवली नाही." काकू हसल्या. त्यांनी वही उघडून 'बहीण' असं लिहिलंसुद्धा.

ते गेल्यावर मी आत गेलो. "काकू, त्या सोमवारी मी म्हणालो होतो ना, उशीर झाला म्हणून. तो झाला नव्हता."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "त्या इमारतीच्या दाराचा सेन्सर आहे का तुमच्याकडे?"

होता. पाच आठवडे माझ्याच फडताळात होता, साहेबांच्या सहीसाठी अडकून. मी म्हणालो, सही बाकी आहे. काकू नुसत्या बघत राहिल्या, खेळात पट्ट्यांकडे बघायच्या तशा. मी स्टोअरमध्ये गेलो, सेन्सर काढला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. सहीच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. दुपारपर्यंत तो बसला. त्यानंतर ती लिफ्ट अडकलेली नाही. सहीबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही आणि विचारलं तर सांगायची तयारी आहे, निदान आज तरी आहे.

काकूंनी शुक्रवारच्या खेळातून नाव काढून घेतलं. दोन ओळींचा अर्ज दिला: फोन आणि खेळ एकाच वेळी होणार नाही, खेळ सोडत आहे. साहेबांनी मंजूर केला, कारण त्यांना आता शाखाशाखांतून भाषणं द्यायला जायचं असतं. आता हीलर सूर्यफूल आहे. तो फक्त साहेबांनाच बरं करतो आणि साहेब गावाला गेले की कोणालाच करत नाही.

काकू संध्याकाळी घरी खेळतात. मिस्त्री आणि मी जातो त्यांच्या तुकडीत. परवा बिबट्याने मला विचारलं, "तू तोच ना, सोमवारवाला?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं. डावीकडून ये, उजवीकडे कोळी आहेत." आणि आम्ही आत गेलो.