बोक्यांचा वास

क्लेटन प्रुइटला घाणेरडी घरं आवडतात, हे अख्ख्या टोलेडो शहराला ठाऊक होतं. वरून गलिच्छ पण आतून ठणठणीत घर पडत्या भावात घ्यायचं, भिंतींना राखाडी रंग फासायचा, कपाटांना नव्या मुठी लावायच्या आणि दोन महिन्यांत दुपटीनं विकायचं, हा त्याचा धंदा. म्हणूनच सत्तरीच्या व्हर्ना डोबॉशनं आपलं आरशासारखं घर स्वतःच्या हातानं घाण केलं होतं.

दिवाणखान्याखालची तुळई कुजली होती. खोलीची अर्धी जमीन उपटावी लागेल, असं सुतारानं सांगितलं होतं. व्हर्नानं तळघराच्या छताला फळ्या ठोकून ती झाकली. वर कुणीतरी कचऱ्यात टाकलेला नारिंगी गालिचा अंथरला आणि शेजारणीचे दोन बोके आठवडाभर त्यावर कोंडले. बोक्यांनी आपलं काम चोख केलं.

हे घर तिला क्लेटनच्याच गळ्यात मारायचं होतं. तिची बहीण मॅक्सीन खुबा मोडून इस्पितळात पडली होती, तेव्हा हाच माणूस फुलं घेऊन गेला होता. छप्पर गेलंय म्हणून त्यानं तिला घाबरवलं आणि घर मातीमोल भावात लिहून घेतलं. छपराला काहीही झालं नव्हतं. मॅक्सीन वृद्धाश्रमात गेली, आणि आपण फसलो हे कळल्यावर फार दिवस काढू शकली नाही.

"काय वास आहे हो, मिसेस डोबॉश," क्लेटन आत येताच म्हणाला. त्याचा चेहरा मात्र जेवणाच्या ताटावर बसल्यासारखा खुलला होता.

"नाक सांभाळ तुझं. घर घ्यायला आलायस की हुंगायला?"

"रागावता कशाला? वास आहे म्हणून तर आलो."

तो खोलीभर फिरला. गालिच्याच्या मधोमध थांबला, टाचांवर जरा झुलला. पण त्यानं कोपरासुद्धा उचलून पाहिला नाही. रंग, गालिचा, मुठी, असं पुटपुटत तो टेबलाशी बसला आणि तपासणीबिपासणी नको, आहे तसं घेतो, म्हणाला. दोघांच्या सह्या झाल्या.

आता व्हर्नाला राहवेना. "गालिचा उचलशील तेव्हा मॅक्सीनची आठवण काढ हं."

"तुळईबद्दल म्हणताय?" त्यानं पेनाला टोपण लावलं. "ती मघाशीच पायाला कळली."

"मग घेतलंस कशाला?"

"त्यात काय एवढं? वर प्लायवूड ठोकतो, त्यावर नवी फरशी. वर्षभर हूं की चूं करणार नाही. एक तरुण जोडपं मागेच लागलंय, पहिलंच घर त्यांचं. बाळ रांगायला लागलंय."

"मी सांगेन त्यांना."

"सांगा की. काय सांगणार? तुळई कुजल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?" त्यानं कागदांतला एक वर काढून तिच्यापुढे धरला. "घरात कसलाही छुपा दोष नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. उद्या काही झालंच तर मी हाच कागद पुढे करणार. मी बिचारा, एका म्हातारीच्या शब्दावर विसंबलो."

"नालायक आहेस तू."

"असेन. पण बोके मी नव्हते कोंडले." कागद खिशात घालून तो दाराकडे वळला. "घर सोडेपर्यंत गालिच्यावरून जपून चाला, मिसेस डोबॉश."

त्याची गाडी गेली. त्या बाळाचं नावही तिला माहीत नव्हतं. मॅक्सीनला फसवणाऱ्याच्या नावानं तिनं इतकी वर्षं बोटं मोडली होती, आणि आज त्याला जे हवं होतं ते सगळं तिनंच आयतं करून ठेवलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं फोन उचलला आणि वकिलाचा नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "घराची तुळई कुजलेली असताना मी खोटं लिहून सही केलीय, आणि हे मला कोर्टात नोंदवायचंय. त्याची काय शिक्षा असते ते सांगा, आणि ती मला होईल असं बघा."