डाव्या भुवईवरचा व्रण

विमानातून छत्रीनं उतरणाऱ्या हवाई पलटणीचा इतिहास छापायचा होता. त्यासाठी जवानांची माहिती गोळा करत सुभेदार पांडुरंगराव उत्तरेतल्या जुन्या मराठी संस्थानच्या गावी, जयेंद्रगंजात, सुलोचनाबाईंच्या दारात आले. बाईंनी आधी त्यांच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. बूट मुकाट्यानं बाहेर राहिले.

पांडुरंगराव साताऱ्याकडचे. त्यांनी आणलेला कागद मोठ्यानं वाचून दाखवला. विमानात एका नवख्याची दोरी अडकली, ती सोडवून यानं त्याला आधी धाडलं. स्वतः उशिरा उडी घेतली, जमीन जवळ आली होती, छत्री उमललीच नाही. पलटणीला अभिमान वाटावा असा जवान. नाव, विश्वासराव.

आतल्या खोलीत विश्वासराव खोकला.

बाईंनी पदर सावरला. मेला होता सदाशिव, बाईंचा धाकटा मुलगा. आणि हे बाईंचंच करणं होतं.

तीन वर्षांपूर्वी संस्थानची फौज दिल्लीच्या फौजेत मिसळायची ठरली. कंपूच्या, म्हणजे छावणीच्या, मैदानावर जवानांची जांच, तपासणी होती. जो हजर नाही तो घरी. नेमका विश्वास विषमज्वरानं अंथरुणात. फौजेतली जुनी चाल अशी, की थोरला आजारी पडला तर धाकट्यानं त्याच्या नावानं हजेरी द्यावी. हवालदार ओळखत, फक्त घरचं बरं आहे ना एवढं विचारत. बाईंच्या नवऱ्यानंही भावासाठी हेच केलं होतं. चार पिढ्यांची जागा तापापायी जाऊ द्यायला बाई काय खुळ्या होत्या? सदाशिवला म्हणाल्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

दिल्लीवाल्यांनी अंगठा घेतला, उंची मोजली, अंगावरची खूण लिहिली. मग पुन्हा अदलाबदल कसली होणार! सदाशिव विश्वास होऊन गेला, तो गेलाच. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून भुवई फुटली, तेव्हापासून गच्चीच्या कडेलाही न जाणारं पोर. ते विमानातून उड्या मारायला लागलं. का, ते त्यानं कधी लिहिलं नाही. पत्राखाली सही मात्र भावाचीच करायचा.

"सुभेदार," बाई म्हणाल्या, "नाव चुकलंय. हा माझा सदाशिव."

त्यांनी सगळं सांगितलं. आतून विश्वासराव दारापर्यंत आला, म्हणाला, "आई, रहने दो ना."

"तू गप. तुझ्याच नावानं मेला तो."

पांडुरंगरावांनी कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "आईसाहेब, मी हे ऐकलं नाही असं समजा. सदाशिवराव नावाचा माणूस पलटणीत नव्हताच. खरं लिहिलं तर चौकशी लागेल, या तुमच्या थोरल्यांना बोलावतील, आणि हे पान पुस्तकात राहायचं नाही."

"म्हणजे खोट्या नावानं राहील, नाहीतर राहणारच नाही."

"होय."

बाईंना सहीपुरतंच लिहिता येत होतं. त्यांनी त्या कागदावर सही केली. मग विचारलं, भुवईवरची खूण तरी लिहाल का? इतिहासात असलं लिहीत नाहीत, पण फोटो छापू, त्यात दिसेल, असं पांडुरंगराव म्हणाले. जाताना त्यांनी दारातल्या विश्वासरावाकडे बोट केलं. "हे धाकटे का?"

"हो," बाई म्हणाल्या. "धाकटा."

पुस्तक वर्षानं आलं. बाईंनी ते उजेडात, खिडकीशी नेलं. फोटो चांगला पानभर होता. छापखान्यातल्या कुणी कारागिरानं चेहरा साफसूफ केला होता, गाल गुळगुळीत, दोन्ही भुवया सलग. व्रण पुसून टाकला होता.

बाईंनी बोटाला थुंकी लावून डावी भुवई घासून पाहिली. कागद तेवढा फुगला.

"आई, काय करतेस?" विश्वासराव मागून म्हणाला.

त्याला काय नावानं हाक मारावी ते बाईंना सुचेना. त्यांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"घे," म्हणाल्या, "तुझाच फोटो आलाय."