हातोडी बंद होती तेव्हा

व्हॅनवाल्याच्या नाकाचं हाड मोडलं तेव्हा ओली काडी मोडल्यासारखा आवाज आला. मी हातभर अंतरावर होते, म्हणून खात्रीनं सांगते. रक्त भाऊजींच्या मुठीवर, माझ्या शाळेच्या गणवेशावर आणि त्याच्याच व्हॅनच्या पांढऱ्या दारावर उडालं.

पण भांडणाचं मूळ वरच्या खोलीत होतं, ताईच्या पोटात.

आमचं गॅरेज खाली, घर वर, मध्ये लोखंडी जिना. भाऊजी डेंटर, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याला पडलेले पोचे ठोकून काढतात. मी शाळेसाठी ताईकडे राहते. दहावीत आहे, आणि यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून कुणाच्या बापाला भीत नाही. भाऊजी मला ‘तोफ’ म्हणतात.

ताईला तिसरा महिना लागतो न लागतो तोच रक्त गेलं. सोनोग्राफीत दिसलं की गर्भाची पिशवी आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये रक्त साचून गाठ झालीय. बाळाचे ठोके मात्र चालू होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बहुतेक वेळा हे रक्त आपोआप जिरतं. कधीकधी नाही जिरत, आणि गर्भ टिकत नाही. जड उचलू नका, जपून राहा, पुन्हा रक्त गेलं तर लगेच या.”

एवढंच. हातोडीबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण भाऊजी पडले डेंटर. पत्र्याला ठोके बसले की जुना रंग पापुद्र्यासारखा सुटतो, तशी पिशवी भिंतीपासून सुटणार, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. गेल्या वर्षी ताईचं पहिलं पोट पडलं त्या सकाळी ते खाली एका ट्रकचं टप ठोकत होते. ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नव्हतं. यावेळी त्यांनी सगळ्या हातोड्या पेटीत भरल्या, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. डेंटरनं हातोडी कोंडायची म्हणजे शिंप्यानं सुई विहिरीत टाकायची. दिवसभर ते नुसता पॉलिश पेपर घासत बसायचे.

ताई वर पडून पडून पिसाळली होती. “मी काय काचेची बरणी आहे? खालून आवाज येत नाही, कुणी धड बोलत नाही. मेल्यासारखं वाटतं मला इथे.”

“तू पडून राहा फक्त,” भाऊजी म्हणाले.

तिनं हातातला स्टीलचा पेला फेकून मारला. नेम चांगला. भाऊजींची भुवई फुटली. त्यांनी पेला उचलला, पुसला, परत तिच्या उशाशी ठेवला आणि विचारलं, “पाणी आणू?”

असल्या माणसाशी भांडणार कसं?

मग व्हॅनवाला आला. तो शाळेची मुलं ने-आण करतो, आणि त्याच्या व्हॅनचं सरकतं दार खांबाला घासून आत गेलेलं, म्हणून ती आठवडाभर आमच्याकडेच पडून होती.

“झाली का?”

“होईल.”

“मागच्या आठवड्यातही होईलच होतं. दाराला कडी लागत नाही. पोरं काय दोरीनं बांधून नेऊ?”

मी पुढे झाले, घसा साफ केला. “काका, या घरात एक कोवळा जीव काळाशी झुंज देतोय, आणि अशा वेळी समाजानं—”

“तू गप गं, पोपट.”

पहिलं बक्षीस गेलं नाल्यात. त्यानं सीटखालून चाकं खोलायचा पाना काढला. “तुला जमत नाही ना? मीच काढतो पोचा.” आणि दारावर आतून दणका घातला.

ठण्ण.

जिना झणझणला. भाऊजी उडी मारून आले आणि ते नाक मोडलं. व्हॅनवाल्यानं पाना फिरवला, तो भाऊजींच्या खांद्यात बसला. दोघं रंगाच्या डब्यांवर कोसळले. भाऊजी त्याच्या छातीवर बसले, त्याचे केस धरले आणि डोकं फरशीवर आपटायला लागले. “ठोकतोस? माझ्या पोराच्या डोक्यावर ठोकतोस?” व्हॅनवाल्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. मी भाऊजींची कॉलर ओढली, पाठीत गुद्दे घातले. काही उपयोग नाही. शेवटी त्यांच्या दंडाला कडकडून चावले, रक्ताची चव येईपर्यंत. मी चावले नसते तर त्यांनी त्याला मारूनच टाकलं असतं.

“सोडा त्याला.”

ताई जिन्यावर उभी होती. ओरडली नव्हती. एक हात कठड्यावर, दुसऱ्यानं गाऊन धरलेला, आणि त्यावर काळपट डाग.

भाऊजींचे हात जागच्या जागी सुटले.

गॅरेजमधल्या बाकीच्या गाड्या खोलून ठेवलेल्या. चालू अशी एकच होती, ती व्हॅन. व्हॅनवाला भिंतीला धरून उठला, बाहीनं नाक पुसलं. “मागे बसवा त्यांना.”

भाऊजी आतून दार हातानं ओढून धरून बसले. व्हॅनवाला नाकातून ठिबकत, भाऊजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालवत होता. पण गतिरोधक आला की शिवी अर्धी सोडायचा आणि गाडी अशी न्यायचा की जणू मागे दुधाचं पातेलं आहे. “माझ्या बायकोचंही एकदा गेलं होतं,” तो मध्येच म्हणाला. “मी घरातला आरसा फोडला होता.” मग पुन्हा शिव्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे वळवला. एक ठिपका, आणि तो धडधडत होता. ताईनं माझी बोटं इतकी आवळली की वाटलं, आता माझंही हाड मोडणार.

“ठोके छान आहेत. गाठ लहान झालीय. हे काळपट, तपकिरी रक्त म्हणजे जुनंच साचलेलं बाहेर पडतंय. पण धोका पूर्ण टळला असं मी आज म्हणणार नाही.”

भाऊजींनी खाली बघत विचारलं, “ठोकाठोकीनं होतं का हे?”

“कसली ठोकाठोकी?”

“पत्र्याची. आमच्या घराखाली.”

“नाही हो. आवाजानं, हादऱ्यानं असं होत नाही.”

“गेल्या वेळी?”

“गेल्या वेळीही नाही. आणि त्यांना खिळवून ठेवू नका, घरात हिंडू-फिरू द्या.” मग त्यांनी भाऊजींच्या मुठीकडे पाहिलं. “मारामाऱ्या मात्र बंद.”

भाऊजी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडले. व्हॅनवाला बाहेर नाकात बोळे घालून घेत होता. रडणं ऐकून त्याला वाटलं, गेलं. तो बोळ्यांसकट आत धावत आला. मी त्याला सांगितलं, आहे. तोही भाऊजींच्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. व्हॅनवाला नाकावर पट्टी बांधून स्टुलावर बसतो, दाराच्या बाहेरून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, आणि भाऊजी आतून हातोडी मारतात. असे मारतात की जणू पत्र्यानं त्यांचं काही घोडं मारलंय. ताईला डाग लागणं अजून थांबलेलं नाही. ती बाथरूमला गेली की खाली हातोडी आपोआप थांबते आणि आम्ही तिघंही माना वर करून जिन्याकडे बघत राहतो.

मग ती कठड्याशी येते. “तपकिरीच आहे,” म्हणते. “चालू द्या.”

ठण्ण.