गाडी डुलते की बाबा?

दादा गॅरेजमध्ये शिरला तेव्हाच त्याचं तोंड बघून मी ओळखलं, आज हा निकाल लावूनच जाणार. मागून बाबा आले, गाडीची किल्ली मुठीत धरून. मूठ अशी, की उघडायला पकड लागली असती.

"काल हे न्हाव्याच्या दुकानाची पाटी उडवता उडवता राहिले," दादा म्हणाला. "आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी, फेसासकट रस्त्यावर आलं. बास झालं. तू गाडी तपास. दोष निघाला तर ठीक. नाही निघाला तर किल्ली माझ्याकडे, गाडी भंगारात आणि बाबा घरी."

"गाडीच डुलते," बाबा म्हणाले. "कधीपासून घसा कोरडा करून सांगतोय."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"ए शहाण्या, मी ट्रक हाकत होतो तेव्हा तू चड्ड्या ओल्या करत होतास."

"दोघंही गप्प बसा. माझ्या गॅरेजमध्ये फक्त मी ओरडते."

एरवी अशी गाडी आली की मी आधी रस्त्यावर काढते आणि मग खाली घुसते. आज मी चालढकल केली. माझ्या हातात ती सुतासारखी सरळ गेली तर? मग तिथल्या तिथे बाबांचा ड्रायव्हरपणा संपला. आणि हल्ली ते चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवतात, तो दर वेळी टेबलावरच राहतो असं नाही. भीती वाटत होती मला, कशाला खोटं बोलू.

चारही टायरची हवा पाहिली. बरोबर. पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली, आजूबाजूला हलवून पाहिली. हूं की चूं नाही. मग गाडी खाली उतरवली, दादाला स्टिअरिंगवर बसवून थोडं डावं-उजवं हलवायला लावलं आणि मी खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवला. वरून दादाचं प्रवचन चालूच, वय झालं की माणसानं कसं समजून घ्यावं वगैरे. सांधे मात्र सगळे ठणठणीत. एवढी म्हातारी गाडी, पण सैल म्हणावं असं काहीच सापडेना.

"झालं?" दादानं बाबांसमोर हात पसरला.

बाबा भांडले नाहीत. हवामानाच्या बातम्यांशीसुद्धा हुज्जत घालणारा माणूस! गुपचूप मूठ उघडायला लागले.

"थांबा! अजून मी चालवलेली नाही," म्हणत मी किल्ली हिसकावली. बाबा शेजारी बसले, दादा मागे.

सरळ रस्त्याला लागले आणि गाडी डावीकडे निघाली. सावरली, तर उजवीकडे. पुन्हा सावरली, तर पुन्हा डावीकडे.

"अगं नीट चालव!" दादा किंचाळला.

"नीटच चालवतेय मी, गाढवा!" मी ओरडले आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू!

वळण घेऊन हात जरा सैल सोडले. स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला हवं. ढिम्म हललं नाही. ओढून सरळ करायला जावं तर सरळ सोडून पलीकडेच जायचं. मग लक्षात आलं, मी येडी सैल शोधत बसले होते. भानगड घट्टपणाची होती.

परत येऊन बॉनेट उघडलं. स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो, त्यानं आतल्या दात्यांतला प्ले, म्हणजे मोकळी फट, कमी-जास्त होतो. त्याच्यावर एक नट. सगळीकडे जुनं काळं तेल बसलेलं आणि हा नट नव्या नवरीसारखा चकचकीत. कुणीतरी पाना लावला होता.

बाबांकडे पाहिलं. बाबा गोंधळलेले. दादाकडे पाहिलं. दादाचे कान लाल.

"जरासा प्ले होता गं," तो पुटपुटला. "व्हिडिओत दाखवलं होतं. म्हटलं, बाबांना सोपं जाईल."

"किती फिरवलास?"

"फिरेल तितका."

आमच्या दादाला सैल काही बघवतच नाही. घरातले नळ त्यानं इतके आवळलेत की वहिनी हात धुवायला त्यालाच हाक मारते. वर चोराच्या उलट्या बोंबा! मी त्याला ठेवणीतल्या दोन-चार दिल्या, पुढची चाकं उचलली, नट सोडवला आणि स्क्रू बेताचा उलटा फिरवला. हात लावताच स्टिअरिंग सहज फिरायला लागलं.

"बाबा, बसा. चालवा आता."

ह्या वेळी मी शेजारी, दादा मागे. रस्ता संपेपर्यंत गाडी आखल्यासारखी सरळ. वळणावर स्टिअरिंग बाबांच्या तळव्यांतून आपणहून मागे आलं. आता हे दादाची सालं काढणार म्हणून मी सावरून बसले. पण बाबांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि आपल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे गाडीच होती?"

"आता गं बाई! तुम्हीच तर सगळ्यांना ओरडून सांगत होता!"

"सांगत होतो गं," बाबा म्हणाले. "मला कुठे खरं वाटत होतं? मला वाटायचं, मीच संपलो."

मागून दादाचा हात हळूच बाबांच्या खांद्यावर आला. "बाबा, चुकलं माझं."

"चुकलंच," बाबांनी नाक पुसलं आणि किल्ली फिरवली. "उतर. चालत ये."

दादा खरंच उतरला.