थांबलेली चकती

तळघराच्या जिन्यावर माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि खाली त्या बिनखिडकीच्या खोलीत एक यंत्र चालू असूनही थांबलेलं होतं. बटण चालू, धूळ ओढणारा पंखा कान किटवणारा, आणि लाकूड धरून फिरवणारी लेथची चार जबड्यांची लोखंडी चकती मात्र जागच्या जागी. "म्हाताऱ्याने धरून ठेवलंय," कुणीतरी पुटपुटलं, आणि सगळ्या जिन्याने मान डोलावली.

कातारीण, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कातारीची बायको, जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. म्हातारा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी याच लेथवर लाकूड कातण्यात घालवला. बटण बंद केल्यावर चकती आपणहून थांबायची वाट बघायला त्यांना दम नव्हता. उघडा तळवा कडेला हलकेच टेकवून ते ती थांबवायचे. मुलाने, म्हणजे कातारीने, तीच खोड उचलली. खोलीत उजेडाला एकच पिवळा बल्ब, बरोबर चकतीच्या डोक्यावर. "मी आहे तोवर तो निघायचा नाही," म्हातारा म्हणे, मुलगा त्याला चिक्कू म्हणे, आणि त्यावरून बापलेकांची रोज जुंपायची. शेवटी म्हातारा अबोल्यातच गेला. मुलाने बल्ब काढून बाजारातली सगळ्यात स्वस्त पांढरी एलईडी पट्टी छताला लावली. खोली लख्ख झाली. त्याने लेथ सुरू केला आणि चकती फिरेचना.

त्या दिवशी कातारी लहान मुलासारखा रडला. आणि कातारीण त्या दिवसापासून हातात बॅटरी घेतल्याशिवाय तळघराची पायरी उतरली नाही, दिवा लागलेला असला तरी.

अशी बातमी एकदा पसरली की भूत उतरवणाऱ्या महाराजांना पत्ता विचारावा लागत नाही. ते आले. हात लांब बाह्यांत, काखेत चकचकीत काठी.

"आत्मे दोन प्रकारचे," ते पंख्याच्या वरताण आवाजात म्हणाले. "जाणारे आणि राहणारे. हा राहणारा. हे चलातलं अचल आहे."

चलातलं अचल म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर महाराजांचीच पंचाईत झाली असती.

"बाप रागावलाय. लेकाने चालू चकतीवर तळवा ठेवायचा. तळव्याला तळवा भिडला की क्षमा."

"तुम्हीच ठेवा ना आधी," जिन्यावरून कातारणीची नणंद म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि निरोप मिळताच तडक आली होती.

"आमचा स्पर्श कडक आहे, ताई. यंत्राला सोसणार नाही." बाह्यांतले हात आणखी आत गेले.

कातारी पुढे झाला. कातारणीने त्याची बाही धरली. "अहो, नका ना."

"माझे बाबा आहेत तिथे. बाबांना घाबरू?" तो हसला. त्याने बाही सोडवून घेतली.

तेवढ्यात तिला चकतीजवळच्या फळीवरचा भुसा दिसला. तो थरथरत होता. तिच्या गालालाही वारा लागत होता. पंखा तर ओढणारा, मग हा वारा कुणाचा? नवऱ्याचा तळवा पुढे सरकत होता. लेथचं बटण त्याच्या पलीकडे. तिच्या हाताशी भिंतीवरचं दिव्याचं बटण तेवढं होतं. तिने तेच दाबलं.

काळोख झाला. कुणीतरी किंचाळलं. "हलू नका," ती ओरडली, आणि तिने बॅटरी लावली.

चकती नव्हतीच. तिच्या जागी एक करडं धुरकट वर्तुळ गरगरत होतं, आणि त्याच्यापासून चार बोटांवर तिच्या नवऱ्याचा हात. त्याने तो भाजल्यासारखा मागे घेतला.

"दिवा घालवलात म्हणून आत्मा बिथरला," महाराज म्हणाले. "लावा परत."

दिवा लागला. चकती पुन्हा ठार उभी. जिन्यावर सुटकेचा सुस्कारा ऐकू आला.

"बरं झालं, शांत झाला," नणंद खाली उतरत म्हणाली. तिने महाराजांच्या काखेतली काठी ओढून घेतली. "सगळ्यांनी मागे व्हा. बापाचा हात आहे, काठीला काय करणार?" आणि दूर उभं राहून तिने काठीचं टोक त्या थांबलेल्या चकतीला लावलं.

फाडकन आवाज झाला. काठीचा अर्धा तुकडा भिंतीवर आपटून महाराजांच्या पायाशी पडला. चकती तशीच, न हलता उभी होती. कातारणीने तो तुकडा पाहिला आणि नवऱ्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. तिला काठी दिसत नव्हती, बोटं दिसत होती.

नणंदेने लेथ बंद केला, मग पंखा. "ही स्वस्त पट्टी सलग जळत नाही. सेकंदाला शंभरेक वेळा विझते आणि लागते. डोळ्याला ते कळत नाही. तेवढ्यात चकती पाव फेरा फिरते आणि एका जबड्याच्या जागी दुसरा येतो, हुबेहूब तसाच. म्हणून ती थांबलेली दिसते. बल्बची तार तापलेली राहते, ती मधे विझत नाही, आणि बॅटरीचा उजेडही सलग असतो. आणि चकतीचा आवाज पंख्याने गिळला."

"बाबांना हे माहीत होतं?" कातारीने विचारलं.

"कुणास ठाऊक. त्यांनी कारण सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. तू त्यांना चिक्कू म्हणालास."

तो तळव्याकडे बघत राहिला. महाराज केव्हा सटकले ते कुणालाच कळलं नाही.

पुढे कातारी नवे दिवे आणायला गेला, तो प्रत्येक दिव्याखाली पेन्सिल जोरजोरात हलवत बसला. नणंदेने शिकवलं होतं: सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो, सलग पट्टा दिसला तर चालेल. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक कामातून गेलं. चांगले दिवे छताला लागले, आणि पिवळा बल्ब परत चकतीच्या डोक्यावर. फिरत्या चकतीला तळवा लावायची खोड मात्र घरातून कायमची गेली.

अर्धी काठी खिळ्याला टांगलेली आहे. बघायला येणाऱ्यांना कातारीणच सांगते, "भीती मलाही वाटली, अजून वाटते. पण डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं मानू नका, एकदा दुसऱ्या उजेडात बघा. आणि जो तुमचा हात मागतो, त्याला म्हणा, आधी तुझा ठेव."

मग ती नवऱ्याच्या हातात चहाचा कप देते, आणि तो पाची बोटांनी कप धरेपर्यंत आपला हात सोडत नाही.